मिशन सुटले, मंडळी उरली

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली जुनी नावे खाली ठेवली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी उभी केली. त्या सहांपैकी एकीच्या घरात दीडशे वर्षांहून जुना असा एक मराठी धागा होता. मुंबई, नगर, सातारा, सोलापूर, राहुरी, वडाळा इथे अमेरिकन मराठी मिशनने वाढवलेल्या मंडळ्यांचा. संस्थेची वाटचाल लिहायची म्हटले की किती शाळा काढल्या, किती इमारती बांधल्या याची जंत्री आपोआप हाताशी येते. या मिशनची गोष्ट मात्र मला नेहमी उलट टोकाकडून सांगावीशी वाटते. त्याने वेळोवेळी काय सोडले, कोणाच्या सांगण्यावरून सोडले, आणि काय सोडायला नको होते.

मागचे विसरून पुढच्याकडे धावण्याविषयी पौलाने फिलिप्पैकरांस जे लिहिले, ते वर्षाअखेरच्या उपासनेत हटकून वाचले जाते. त्यावरचा उपदेश बहुधा जुन्या पापांविषयी, जुन्या भांडणांविषयी असतो. पण तिसरा अध्याय पहिल्यापासून वाचत आले की लक्षात येते, तिथे पौल आपल्या चुका मोजत नाही, आपला मोठेपणा मोजतो. बन्यामिनाचे कुळ, आठव्या दिवशी झालेली सुंता, परूश्यांची कडक शिस्त. खतावणीत जमेच्या बाजूला मांडलेले सगळे त्याने तोट्याच्या बाजूला नेले. नकोसे झालेले टाकायला कोणाला कष्ट पडतात? ज्याचा अभिमान आहे ते टाकताना हात अडखळतो. व्यक्तीचा अडखळतो, संस्थेचा तर फारच.

या मिशनची सुरुवातही ताटातुटीनेच झाली. १८१२च्या फेब्रुवारीत बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने आपली पहिली तुकडी दोन जहाजांतून हिंदुस्थानकडे धाडली. एका जहाजावर अदोनिराम जडसन होते, दुसऱ्यावर गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. कलकत्त्यात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांशी गाठ पडणार, बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांच्याशी वाद होणार, तेव्हा तयारी असावी म्हणून जडसन वाटेत नवा करार काढून बसले. अभ्यासाचा शेवट असा झाला की त्यांना बॅप्टिस्टांचेच म्हणणे पटले: तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा खरा नव्हे, समजत्या वयात विश्वास धरून घेतलेला तोच खरा. कलकत्त्यात उतरल्यावर त्यांनी विल्यम वॉर्ड यांच्या हातून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, बोर्ड सोडले आणि ते ब्रह्मदेशी गेले. हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला लागले. अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू, त्यात कंपनी सरकारला मिशनरी मुळातच नकोसे. निघून जाण्याचे हुकूम सुटले. एकदा तर ही माणसे कोचीनपर्यंत जाऊन परत आणली गेली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे आणि त्याच वर्षीच्या नव्या सनदेमुळे त्यांचा पाय टिकला. पाण्यावरून पडलेली ही फूट ध्यानात ठेवावी, नागपूरला तिची गाठ पुन्हा पडायची आहे.

१८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना हॉल पटकीने गेले. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला तोही त्याच साली. त्या छापखान्याचे ऋण मराठी वाचकाने मोजले पाहिजे आणि ते फक्त ख्रिस्ती वाचकाने नव्हे. टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइपाला वळण आणले ते इथे. गणपत कृष्णाजींनी मुद्रणाची विद्या उचलली ती इथूनच, आणि पुढे पंचांग छापून घराघरांत पोहोचवले. जावजी दादाजी लहान वयात इथे कामाला लागले आणि १८६९मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. शुभवर्तमाने छापणाऱ्या छापखान्यातले पोर पुढे काव्यनाटके आणि पुराणे इतकी शुद्ध छापू लागले की काशीच्या पंडितांनी तोंडात बोट घालावे. मिशनने तो छापखाना पुढे विकून टाकला. विकल्याने विद्या गेली नाही, ती शहरात पसरली. सोडलेले वाया जात नाही याचे इतके ठसठशीत उदाहरण या मिशनला नंतर सापडले नाही.

नगरचे ठाणे १८३१चे. निजामशाहीच्या या जुन्या राजधानीत मिशनच्या कामाला खरी मुळे फुटली. सिंथिया फरार या अविवाहित बाई आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा पाहायला आले होते आणि ती पाहूनच मुलींसाठी शाळा काढण्याची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८४२ साली नगरलाच ‘ज्ञानोदय’ नियतकालिक निघाले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. नगरच्या मंडळीत ब्राह्मण आले, महार आले, मांग आले, आणि प्रभुभोजनाचा प्याला एकच. आज हे वाक्य सहज लिहून जाते. त्या काळी तो प्याला ओठाला लावणाऱ्याने गाव, घर, वतन, सोयरीक या सगळ्यावर पाणी सोडलेले असे.

विश्वासात आलेल्या माणसाने इतके सोडले, तर मिशनने काय सोडावे? हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो बोस्टन कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मिशनरी ही परांची आहे, इमारत नव्हे. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा, सुवार्ता आपण पसरवावी, आणि मिशनऱ्याने बाडबिस्तरा गुंडाळून पुढच्या मुलखाला जावे. हेच तत्त्व इंग्लंडात हेन्री व्हेन मांडत होते. अँडरसन १८५४-५५ साली स्वतः इकडे आले. त्या दौऱ्याच्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. एतद्देशीय माणसाच्या हाती मंडळी सोपवण्याचा हा आरंभ.

इथवर ठीक. पण अँडरसनसाहेबांनी त्याच सपाट्यात इंग्रजी शाळाही बंद करायला लावल्या. सुवार्ता लोकभाषेत सांगायची, मग इंग्रजीचा खटाटोप कशाला, असा त्यांचा हिशोब होता. नगरच्या लोकांना तो मुळीच पटला नाही. चुणचुणीत मुले इतर मिशनांच्या आणि सरकारी शाळांकडे वळली आणि काही काळाने मिशनला स्वतःची इंग्रजी शाळा पुन्हा काढावी लागली. माझ्या मते चूक इंग्रजीची की मराठीची, हा मुद्दाच नव्हता. काय सोडायचे हे बोस्टनच्या टेबलावर ठरले आणि सोडावे लागले नगरच्या पोरांना. दुसऱ्याने आपल्या वतीने केलेला त्याग पचत नाही.

पुढची साठेक वर्षे मिशन वाढले आणि अँडरसन यांची परांची काही निघाली नाही. १८७६ ते ७८चा दुष्काळ, मग १८९६ पासूनचे लागोपाठ दुष्काळ, त्यात पोरकी झालेली शेकडो मुले, त्यांच्यासाठी वसतिगृहे, उद्योगशाळा, दवाखाने. हे काम मोठे होते आणि मनापासून होते. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा माणूस १८४७ साली मुंबईत जन्मला, १८७४ पासून नगरला राहिला, १८७८मध्ये त्याने तिथे पाळकांसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली. त्याला परका म्हणणे अवघडच. पण कामाबरोबर कंपाउंडही वाढले. बंगल्यात साहेब, आउटहाउसात स्वयंपाकी, खेड्यात महिना थोडक्या रुपयांवर शाळा आणि उपासना दोन्ही चालवणारा शिक्षक, आणि पहिल्या तारखेला या सगळ्यांचे डोळे बंगल्याच्या दाराकडे. कोणत्या खेड्यात मंडळी राहील आणि कोणत्या खेड्यातली मोडेल, हे अमेरिकेतल्या वर्गणीवर ठरू लागले. विश्वास आणि पगार एकाच हातातून मिळू लागले की त्यातला कोणता कशासाठी, हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे सगळ्यात आधी खुपले ते एका कवीला. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्या दिवशी त्यांनी काय काय गमावले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे आणि ते सांगावे तर त्यांनीच. मला इथे टिळकांची दुसरी सोडवणूक सांगायची आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. जानवे, जात, सोयरे सोडून ते मंडळीत आले तेव्हा मंडळीतले कितीतरी जण मराठी शब्द साहेबी चालींवर गात होते. इंग्रजी छंदाच्या मापात मराठी कोंबली की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, आघात भलत्याच अक्षरावर पडतो आणि म्हणणाऱ्याचा दम तुटतो. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी त्यावर वाट काढलेली होती. धोतर, उपरणे, हातात चिपळ्या, आधी निरूपण आणि उत्तररंगाला उधळ्या पुत्राचे आख्यान. वाटेने जाणारी माणसे थांबून ऐकत. टिळकांनी त्या वाटेचा राजरस्ता केला. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मानत. पूल ओलांडल्यावर तो जाळायचा असतो, हे त्यांना मान्य नव्हते. अभंग, ओवी, पदे यांनी त्यांनी उपासना भरून टाकली आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की आजही पानापानाखाली त्यांचे नाव दिसते. रविवारी पेटीवर सूर लागतो, तबल्यावर हात पडतो, आणि न वाचता येणारी म्हातारी माणसेही चारही कडवी पाठ म्हणतात. मराठी मंडळीने त्या वेळी काय मागे टाकले? जुना धर्म तर तिने आधीच सोडला होता. आता तिने विश्वास ज्या परदेशी वेष्टनात आला, ते वेष्टन सोडले, आणि आधी घाईने टाकून दिलेल्यातले थोडे उचलून परत घरात घेतले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा मेळावा बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच मोकळा होता. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते, जिव्हाळाच होता. पण मिशनचा नोकर म्हणून बोललेला शब्द लोकांच्या कानात पगारी होऊन पडतो, ही त्यांची खंत होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दरबार टिकला नाही म्हणून तो फसला, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. दोन वर्षांत संस्था उभी राहत नसते. आणि टिळकांचा प्रश्न तर पुढे साऱ्या मंडळीच्या अजेंड्यावर आलाच.

तो आला ऐक्याच्या रूपाने. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले. मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात गेल्या. काँग्रिगेशनल परंपरेत प्रत्येक गावची मंडळी आपल्यापुरती सार्वभौम असते, तिच्यावर वरचा अधिकारी नसतो. तो स्वतंत्र बाणा थोडा मुरडावा लागला. १९२९ मध्ये याहून मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली आणि ती चालली एकेचाळीस वर्षे. दरम्यान मद्रासेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिणेची मंडळी एक होऊनही गेली. उत्तरेला वेळ लागला, कारण बोलणीत बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, आणि आमच्या नगरकरांपुढे बिशप हा शब्द होता.

या शब्दामागे काय आहे ते पाहा. बोस्टन वसवणारे प्युरिटन हे इंग्लंडातल्या बिशपांच्या जाचाला कंटाळून समुद्रापार गेलेले लोक. त्यांच्या वंशजांनी मुंबईला माणसे पाठवली. त्या माणसांनी वाढवलेल्या मंडळीला आता अँग्लिकनांच्या पंक्तीला बसून बिशप मान्य करायचा होता. उलट अँग्लिकनांची अडचण अशी, की ज्याच्या माथ्यावर बिशपाचा हात पडला नाही त्याला पाळक मानायचे कसे? बॅप्टिस्टांचा प्रश्न जडसन यांचाच: तान्ह्यांना शिंपडलेले पाणी बाप्तिस्मा ठरते का? जो तो आपल्या जमेची बाजू सोडायला तयार नव्हता, आणि ती बाजू खोटी होती असेही नाही. तिच्यासाठी पूर्वजांनी तुरुंग पाहिले होते.

नागपूरला तोड निघाली ती मला तर्काच्या दृष्टीने जरा ढिली आणि शहाणपणाच्या दृष्टीने पक्की वाटते. बिशप राहील, पण घटनेने बांधलेला, सभेला उत्तरदायी. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ग्राह्य. ज्यांना हवे त्यांनी बालकाचा करावा, ज्यांना नको त्यांनी बालकाला प्रभूला अर्पण करून तो जाणता झाल्यावर करावा. आणि पाळकपदाचा गुंता सोडवण्यासाठी सहाही मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. बिशपाने साध्या पाळकासमोर मान लववली, पाळकाने बिशपासमोर. ही पुनर्दीक्षा होती का? तसे कोणी म्हणाले नाही आणि नव्हती असेही कोणी लिहून दिले नाही. कोणाच्या सेवेत काय उणे आहे ते देवाने पाहून भरून काढावे, इतकेच मागितले. १८१२ साली वॉर्ड यांनी जडसनना पाण्यात बुडवले ते ज्या बॅप्टिस्ट परंपरेत, तिच्या उत्तर हिंदुस्थानातल्या मंडळ्या आणि हॉल-नॉट यांच्या मराठी मंडळ्या त्या दिवशी एका नावाखाली आल्या. दिल्लीचे एरिक नासिर हे या नव्या मंडळीचे पहिले मॉडरेटर झाले.

सगळेच आले असे नाही. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी बोलणीत सारा वेळ भाग घेऊन शेवटी, उद्घाटनाच्या काही महिने आधी, १९७०च्या ऑगस्टमध्ये पाय मागे घेतला. आणि आले त्यांनीही सगळे सोडले होते असे नाही. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुन्या न्यासाचे विसर्जन आणि मालमत्तेचे हस्तांतर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे झालेच नव्हते, तेव्हा नुसत्या ठरावाने न्यास संपत नाही, असा निकाल २०१३ साली लागला. प्रार्थनेत खाली ठेवलेले नाव सात-बारावर त्रेचाळीस वर्षे तसेच होते. वकिली भाषेत ही त्रुटी. मला ती कबुलीसारखी वाटते. मिशनने मागे ठेवलेल्या शहरातल्या मोक्याच्या जागा हा देशभरातल्या कितीतरी मंडळ्यांचा आज सगळ्यात जड वारसा आहे, आणि पंचांच्या निवडणुकीत सुवार्तेपेक्षा त्यांचीच चर्चा जास्त होते हे लपवण्यात काही अर्थ नाही.

जातीचेही तसेच. एक प्याला मान्य झाला, सोयरीक जमवताना मात्र ‘मूळचे कोण’ हा प्रश्न दबक्या आवाजात अजून निघतो. बाहेर तर सरकारच तो विचारते, पण वेगळ्या कारणाने. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून आलेला ख्रिस्ती इतर मागासवर्गात मोजला जातो. म्हणजे मंडळी म्हणते जात सुटली, गाव म्हणते सुटलेली नाही, आणि कायदा म्हणतो तुझी सुटली असे आम्ही धरून चालतो. या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग २०२२मध्ये नेमला गेला. इथे ‘मागचे विसरा’ असा उपदेश करणारा पाळक मला निर्दय वाटतो. भोगलेले सोडून देणे ही एक गोष्ट, भोगायला लावणाऱ्याने ते विसरावे ही दुसरी.

नागपूरचा मंडप पडला त्याच वर्षी, १९७०मध्ये, नगर जिल्ह्याच्या एका टोकाला जामखेडला एक काम सुरू झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरचे डॉक्टर. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी आधी काही वर्षे काढली होती. ते हॉस्पिटल चांगले चाले. रोगी येत, बरे होऊन जात, आणि तोच आजार घेऊन परत येत. हगवण, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, यातले बहुतेक गावातच टळण्यासारखे होते आणि हॉस्पिटलच्या भिंतींच्या आत राहून टळणार नव्हते. मिशनच्या कामाचा मुकुटमणी म्हणजे हॉस्पिटल. या दोघांनी तोच बाजूला ठेवला. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते आले ते दुष्काळी जामखेडात, आणि गावागावातल्या बायका, पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर, त्यांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. पाण्याच्या विहिरींची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत धरल्या. मग सवर्णांच्या घागरी तिथे येणे भाग पडले. प्याला एक करायला नगरच्या मंडळीला धर्म बदलावा लागला होता, जामखेडला विहिरीची जागा बदलून तितके साधले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या प्रकल्पाच्या नावात मिशन नाही, ख्रिस्त नाही, कुठल्या मंडळीचा उल्लेख नाही. आरोळ्यांना आपला विश्वास कधी लपवावासा वाटला नाही, कामाच्या पाटीवर तो लिहायची गरजही वाटली नाही. जगभरातून डॉक्टर, नर्सबाया आणि आरोग्यखात्याचे अधिकारी जामखेडला शिकायला येतात, आणि त्यांना शिकवायला गावच्या आरोग्य कार्यकर्त्या उभ्या राहतात.